आदर्श उत्तर

८ मे, सोमवार

कॅप सुरू झालं. जिल्हाभरातल्या उत्तरपत्रिका एका कॉलेजात आणून ओतायच्या आणि आम्हा प्राध्यापकांना बाकांवर बसवून त्या तपासून घ्यायच्या, याला विद्यापीठ कॅप म्हणतं. मी कोंडवाडा म्हणतो. पंखा आहे, पण त्याचा वारा खाली पोचत नाही. शेजारी गोरक्ष सर, येवल्याच्या कॉलेजातले. माणूस मनाने चांगला, पण पान उलटताना दर वेळी अंगठा जिभेला लावतो. आधी पोरांच्या घामाने ओली झालेली उत्तरपत्रिका, वर यांची थुंकी. दुपारचा डबा मी तसाच परत आणला. बायकोने, संपदाने विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

पेपर माझाच आहे. तृतीय वर्ष मराठी, पेपर चौथा, भाषांतरित कादंबरी. प्रश्न मी काढलेले, आदर्श उत्तरं मी लिहून दिलेली आणि तपासणाऱ्या अकरा जणांचा प्रमुखही मीच. तिसरा प्रश्न पंधरा मार्कांचा: 'दुःस्वप्नसाहित्यातील व्यक्तित्व आणि साचेबद्धता यांचा संघर्ष «भोंग्याचं शहर» या कादंबरीच्या आधारे स्पष्ट करा.'

आज छत्तीस पेपर झाले. छत्तीसच्या छत्तीस पोरांनी उत्तराची सुरुवात एकाच वाक्याने केली आहे. 'साचेबद्धतेच्या अथांग काळोखात, लुकान हा व्यक्तित्वाचा एकाकी दीप आहे.' स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी.

वाक्य माझं आहे. माझ्या गाइडमधलं, पान एक्केचाळीस. वाक्य वाईट नाहीच. पण छत्तीस वेळा वाचल्यावर, कोणीतरी चावलेला घास पुन्हा मला भरवतंय असं वाटायला लागलं.

१० मे, बुधवार

शंभर पूर्ण झाले. दीप अजून तेवतोच आहे.

काय गंमत आहे पाहा. कादंबरी आहे अशा एका शहराची की जिथे दिवसातून सहा वेळा भोंगा होतो आणि भोंगा झाला की माणसांनी असतील तिथे, असतील तसं, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. जेवत असाल तर घास तोंडात ठेवून. लुकान हा घड्याळं दुरुस्त करणारा माणूस एक दिवस उभा राहत नाही. बस्स, एवढंच त्याचं बंड. आणि या बंडावरचं उत्तर आमच्या पोरांनी कसं लिहावं, तर सगळ्यांनी एकाच भिंतीकडे तोंड करून! एकालाही वाटलं नाही की, अरे, मला स्वतःला यात काय दिसलं ते लिहावं. मला या पिढीची शिसारी येते. आपण बोलतो त्याचा अर्थ काय हे यांच्या गावीही नसतं.

दादा, म्हणजे माझे वडील, आयुष्यभर रामकुंडावर यजमानांना तोच संकल्प सांगत बसले. सकाळी सहापासून तेच शब्द, फक्त गोत्र आणि नाव बदलायचं. मी सतराव्या वर्षी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, मी दुसऱ्यांच्या शब्दांवर जगणार नाही. त्यानंतर सहा महिने आमच्यात बोलणं नव्हतं. ते धाडस यांच्यातल्या एकात तरी आहे का?

गोरक्ष सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सर, तुम्ही एवढं वाचता कशाला? पहिलं वाक्य बघायचं, शेवटचं बघायचं, अकरा मार्क द्यायचे. चाळीस पेपर उरकायचेत रोजचे." आणि अंगठा चाटून पुढचं पान उलटलं.

११ मे, गुरुवार

आज एक वेगळा पेपर हाती लागला आणि माझं डोकंच फिरलं.

अक्षर डावीकडे कललेलं, मोठं, खेडवळ. दीप नाही, काळोख नाही. सुरुवातच अशी: 'लुकान मरत नाही, हे मला या कादंबरीत सगळ्यात वाईट वाटलं.'

मी चष्मा पुसला. पुढे वाचलं. म्हणे, लुकानला पकडून नेतात, सगळ्यांना वाटतं त्याला गोळी घालतील, पण कोणी काहीच करत नाही. एक साहेब त्याला चहा पाजतो आणि सांगतो, तू घड्याळं नीट लावतोस, उद्यापासून भोंगा तू वाजव. आणि तो वाजवतो. 'पहिल्या दिवशी त्याचा हात थरथरतो. महिन्याभराने तो चहा पिता पिता वाजवतो. आमच्याकडे द्राक्षाच्या बागेत मुकादम शिट्टी मारतो, तो आधी आमच्यातच मजूर होता. तो शिट्टी मारताना आमच्याकडे बघत नाही. लुकानपण खिडकीतून खाली बघत नाही. तो मेला असता तर मला रडू आलं असतं. आता रडूपण येत नाही.'

तीन पानं असलीच. कादंबरीचा शेवट मनाने रचून लिहायचा आणि वर त्यात मुकादम घुसवायचा! लुकान चौकात हौतात्म्य पत्करतो, हे गाइडमध्ये आहे, आदर्श उत्तरात आहे, वर्गात मी घसा कोरडा करून शिकवलं आहे. कादंबरी न वाचता पानं भरायची ही जी काही बेशरम सवय आहे, तिचा मला गाइड पाठ करणाऱ्यांपेक्षा जास्त राग येतो. ते निदान कष्ट तरी घेतात.

शून्य दिलं. समासात लाल शाईने शेरा लिहिला: 'कादंबरी वाचलेली नाही.'

एकूण बेरीज सव्वीस झाली. सत्तरपैकी अठ्ठावीसला पास. नियमाप्रमाणे नापासांचे पेपर दुसऱ्याने बघायचे म्हणून गोरक्ष सरांकडे सरकवला. ते म्हणाले, "सर, शून्य? तीन पानं लिहिलीत की. दोन मार्क टाका, पोरगं निघून जाईल."

"दोन मार्क कशाचे?"

"शाईचे." ते हसले. "काय बिघडतं?"

मी म्हटलं, याने त्याने दोन-दोन मार्क टाकूनच हे सगळं सडलंय. तत्त्वाचा प्रश्न आहे. त्यांनी खांदे उडवले आणि माझ्या सहीखाली सही केली. मला बरं वाटलं. अख्ख्या हॉलमध्ये आज एक तरी माणूस स्वतःच्या डोक्याने वागला.

१३ मे, शनिवार

कॅप संपलं. शेवटच्या दिवशी समोसे ठेवले होते. कागद तेलाने पारदर्शक झालेला, आणि त्याच कागदाला हात पुसून लोक उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना हात लावत होते. मी न खाता निघालो. मानधनाच्या फॉर्मवर सगळ्यांनी सही केली, तशी मीही केली.

३ जुलै, सोमवार

निकाल लागला. आमच्या कॉलेजात माझ्या पेपरला एकोणचाळीसपैकी अडतीस पास. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर अभिनंदन केलं. राहिली ती पायल भोये. पेठकडची पोरगी, आदिवासी वसतिगृहात राहते. तीन वर्षं पहिल्या बाकावर बसली आणि तीन वर्षं मला तासानंतर अडवून काहीबाही विचारत राहिली. बाकीच्या सगळ्या पेपरांत साठच्या वर आहे. माझ्यातच दोन मार्कांनी गेली.

सव्वीस. हा आकडा पाहिला तेव्हा कसंसंच झालं. सव्वीसवाले जिल्ह्यात आणखीही असतील.

१७ जुलै, सोमवार

आज पायल भोये आली होती. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली होती, ती मिळाली म्हणे. माझ्या टेबलावर उघडून ठेवली. ते डावीकडे कललेलं अक्षर मी पहिल्या ओळीलाच ओळखलं.

तपासणाऱ्याचं नाव फोटोकॉपीवर नसतं. नुसता शेरा आणि मार्क.

"सर, ज्यांनी तपासलं त्यांनी लिहिलंय, कादंबरी वाचलेली नाही म्हणून. मी चारदा वाचली सर. एकदा तर आईला वाचून दाखवली, आमच्या बोलीत करून. तिला लय आवडली."

मी म्हटलं, "वाचली असशील, पण शेवट चुकलाय. लुकान मरतो."

"तेच मला विचारायचंय." तिने पिशवीतून वसतिगृहाच्या लायब्ररीतली प्रत काढली. "तुमच्या गाइडमध्ये तो मरतो. वर्गातपण तुम्ही तसंच सांगितलं होतं. मी तेव्हा विचारणार होते, पण बेल झाली. माझ्या पुस्तकात तो नाय मरत सर. शेवटचं प्रकरण आहे ना, एकतिसावं, त्यात भोंगा वाजवतो. माझी आवृत्ती वेगळी हाय का?"

मी पुस्तकाला हात लावला नाही. चहाच्या डागांचं, बोटांनी काळं झालेलं पुस्तक होतं. मी म्हटलं, "हो. आवृत्त्यांमध्ये फरक असतो कधीकधी. भाषांतराचा प्रश्न असतो."

तिला एवढं हायसं वाटलं की बघवेना. "मग तर माझी चूकच नाय! पुनर्मूल्यांकनाला टाकते सर. बी.एड.ची यादी ऑगस्टमध्ये लागणार, तोवर झालं पाहिजे. नाय तर हे वर्ष गेलं. बाप म्हणतो, वर्ष गेलं तर पोरगी बागेत, आणि एकदा बागेत गेली की परत नाय येत."

मी म्हटलं, टाक.

१८ जुलै, मंगळवार

सकाळी संपदा बँकेत गेल्यावर कपाटातून माझी प्रत काढली. गाइड लिहायला घेतलं तेव्हा प्रकाशकाने दिलेली, सहा वर्षांपूर्वीची. पहिल्या दोनशे पानांवर माझ्या पेन्सिलच्या खुणा आहेत. शेवटची सोळा पानं वरच्या कडेने जोडलेली होती. छापखान्यात कापायची राहतात कधीकधी, तशी. कोणी उघडल्याशिवाय ती सुटत नाहीत.

स्वयंपाकघरातली भाजीची सुरी आणली. पानं कापली. कडा फाटल्यासारख्या झाल्या.

प्रकरण एकतिसावं. लुकान मरत नाही. साहेब चहा पाजतो. हात थरथरतो. खिडकीतून तो खाली बघत नाही. सगळं आहे.

शेवटची दोन प्रकरणं मी त्या वेळी चाळली होती असं मला इतकी वर्षं पक्कं वाटत होतं. कुठे चाळली असतील? प्रकाशकाला पंधरा दिवसांत मजकूर हवा होता. एकोणतिसाव्या प्रकरणापर्यंतच्या रागरंगावरून माणूस मरणार हे कोणालाही वाटलं असतं. अशा कादंबऱ्यांत माणूस मरतोच. मला तर अजूनही वाटतं की वाङ्मयीन दृष्ट्या तो मरायला हवा होता. लेखकाने माती खाल्ली.

आणि आवृत्ती एकच आहे. दुसरी निघालीच नाही.

१९ जुलै, बुधवार

परीक्षा नियंत्रकांना पत्र लिहिलं. सव्वा पान. आदर्श उत्तरात तपशिलाची गंभीर चूक झाली असून त्यास मी जबाबदार आहे, तरी तिसऱ्या प्रश्नाची फेरतपासणी व्हावी, इत्यादी. लिहून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. पुन्हा वाचलं तर 'मी जबाबदार आहे' हे फारच उघडं वाटलं. ते काढून 'नजरचुकीने' घातलं.

संपदाला दाखवलं. ती उभ्या उभ्या वाचून म्हणाली, "बरोबर आहे. पाठव."

"इतकं सोपं नाही ते. विद्यापीठ काय करेल माहीत आहे? बाराशे मुलांनी लिहिलंय, लुकान मरतो. सगळ्यांचे मार्क कापायचे? त्यांची वर्षं घालवायची?"

"त्यांचे कशाला कापतील? तुझ्या एकट्याच्या चुकीमुळे त्यांनी लिहिलं ना? त्या मुलीचे तेवढे वाढतील." आणि डबा पिशवीत टाकून गेली. बँकेतल्या माणसांना एक एन्ट्री दुरुस्त केली की संपलं असं वाटतं.

२२ जुलै, शनिवार

गोरक्ष सर नाशकात आले होते. कॉलेज रोडला मिसळ खाल्ली, म्हणजे त्यांनी खाल्ली. रश्शात पाव बुडवून बोटांपर्यंत तेल ओघळत होतं, ते चाटत चाटत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. वाटलं होतं धक्का बसेल.

"मला माहीत होतं की," ते म्हणाले. "तो मरत नाय ना शेवटी? मी वाचलीय."

"मग कॅपला बोलला का नाहीत?"

"तुम्ही प्रमुख. आदर्श उत्तर तुमचं. अकरा जणांत दोघा-तिघांना माहीत असणार. आम्ही म्हटलं, सरांनी लिहिलंय म्हणजे असेल काही." मग रुमालाने तोंड पुसून म्हणाले, "त्या पोरीला दोन मार्क टाका म्हटलं होतं मी. आता पत्रबित्र पाठवू नका. तुमचं पद जाईल, गाइड बंद पडेल, आणि आमच्या सह्या खाली हायेत त्याचं काय?"

असली माणसं! माहीत असून गप्प बसायचं. कणा म्हणून काही चीज या लोकांच्या पाठीत देवाने घातलीच नाही. संताप संताप झाला. संध्याकाळपर्यंत चालत राहिलो, गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत गेलो आणि रिक्षाने परत आलो.

पत्र टेबलाच्या खणात आहे. सोमवारी पाठवीन.

२४ जुलै, सोमवार

प्राचार्यांनी बोलावलं. मला अभ्यास मंडळावर घेण्यासाठी कॉलेजकडून नाव सुचवलंय. नवीन अभ्यासक्रम ठरवणार ते मंडळ. या पदावर राहून कितीतरी गोष्टी बदलता येतील. पाठांतर बंद करता येईल. मुलांना स्वतःचं लिहायला लावणारे प्रश्न आणता येतील. अशा वेळी एका पेपरचं खुसपट काढून स्वतःच बाहेर पडण्यात शहाणपण आहे का? एका मुलीपेक्षा पुढच्या हजारो मुलांचा विचार करायला हवा.

शिवाय पुनर्मूल्यांकन आहेच. तिथे दुसरा माणूस बघेल. तो न्याय करेल.

१४ ऑगस्ट, सोमवार

पुनर्मूल्यांकनाचा निकाल: बदल नाही. अर्थात, दुसऱ्या तपासणाऱ्यालाही आदर्श उत्तर तेच पाठवतात. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. की आलं होतं?

पायल दुपारी आली. रडत वगैरे नव्हती. बी.एड.ची यादी लागली, तिचं नाव नाही. "सर, मी काय करू ते सांगा."

खरं सांगतो, मला त्या पोरीचा फार कळवळा आला. मी तिला बसवलं, शिपायाकडून चहा मागवला. म्हटलं, हे बघ, परीक्षा म्हणजे साहित्य नव्हे. परीक्षेत समोरच्याला काय अपेक्षित आहे ते द्यायचं. ऑक्टोबरला पुन्हा बस. गाइड घे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जसंच्या तसं कर. स्वतःचं काही घालू नकोस.

"पण तो मरत नाय सर."

"परीक्षेपुरता मरतो असं समज."

चहा थंड होत होता. मी एका चिठ्ठीवर गाइडची पानं लिहून दिली, ४१ ते ४६, आणि खाली 'तोंडपाठ करणे'. तिने चिठ्ठी घेतली, बराच वेळ बघत राहिली. मग पिशवीतून ती फोटोकॉपी काढली, समासातला लाल शेरा उघडून चिठ्ठीशेजारी धरला, आणि पुन्हा दोन्हीकडे पाहिलं. या पोरींना अक्षराचं भारी कौतुक असतं.

"कळलं सर," म्हणाली. चहा तसाच ठेवून गेली. मला वाटतं माझं बोलणं तिच्या मनाला भिडलं.

९ ऑक्टोबर, सोमवार

गेल्या आठवड्यात प्रकाशकाचा फोन आला होता. गाइडची नवी आवृत्ती काढायची आहे, काही दुरुस्त्या असतील तर आठ दिवसांत कळवा.

दोन दिवस विचार केला. शेवट दुरुस्त केला तर जुनं गाइड घेतलेल्या पोरांचं काय? ऑक्टोबरच्या परीक्षेला निम्मी पोरं जुनं वाचून येणार. गोंधळ नको. पान सत्तावनवर एक काना राहिला होता, तेवढा कळवला. प्रस्तावनेत एक परिच्छेद नवा घातला: विद्यार्थ्यांनी या पुस्तकाचा आधार घ्यावा, पण विचार स्वतःचा करावा. संपदाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आणि पत्र?" मी म्हटलं, आता ते उशिराचं आहे. त्यावर ती तीन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते आहे. दूधवाला, गॅस, विम्याचा हप्ता. घरात असं वातावरण असल्यावर माणसाने लिहायचं कसं?

१९ ऑक्टोबर, गुरुवार

पायल हॉल तिकिटावर सही घ्यायला आली. दिंडोरीकडे कुठल्याशा बागेत आई-बापांसोबत छाटणीला जाते म्हणे. काडीला डोळे फुटावेत म्हणून हाताने औषध लावतात, त्याच्या रंगाने बोटं लालभडक झालेली, नखांच्या कडेने सोललेली. तीच बोटं माझ्या गाइडवर. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, माझ्या नावावर लाल ठसे. बघून अंगावर काटा आला. धुवून तरी यायचं.

"पाठ झालं का?" विचारलं.

"म्हणून दाखवू?"

आणि तिथेच, स्टाफरूमच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तिने सुरू केलं. साचेबद्धतेच्या अथांग काळोखात. एका दमात, चढ नाही उतार नाही, माझ्या डोळ्यांत डोळे घालून. 'लुकान चौकात हौतात्म्य पत्करतो' या वाक्यावर क्षणभर थांबली. मला वाटलं विसरली. मी सांगायला तोंड उघडलं, तर तिने मान हलवली आणि पुढचं म्हटलं. शेवटपर्यंत एक शब्द चुकला नाही.

मी म्हटलं, शाबास. तिने सही घेतली. जाताना नेहमी वाकून नमस्कार करायची, या वेळी विसरली.

१२ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा कॅप. थंडीमुळे निदान घामाचा वास नाही. अभ्यास मंडळाचं पत्र आलं, माझी निवड झाली. गोरक्ष सरांनी पेढे मागितले. शेजारीच बसलेत, अंगठा चालू आहे.

अकराच्या सुमाराला ते अक्षर आलं. नाव झाकलेलं असतं, पण त्या डावीकडे कललेल्या अक्षराला मी आता कुठेही ओळखीन. का कोण जाणे, तिसऱ्या प्रश्नाकडे यायच्या आधी मी पाणी प्यायलो. मनात कुठेतरी होतं की ही पोरगी ऐकणार नाही. ही पुन्हा तेच लिहील, लुकान मरत नाही. लिहिलंच तर काय करायचं हेही मी ठरवलं होतं. या वेळी पंधरापैकी पंधरा द्यायचे, कोणी काही म्हणो. खरंच ठरवलं होतं.

साचेबद्धतेच्या अथांग काळोखात, लुकान हा व्यक्तित्वाचा एकाकी दीप आहे.

सहा पानं. एकूण एक शब्द माझा. परिच्छेद माझे, स्वल्पविराम माझे, गाइडमध्ये छापताना एका ठिकाणी सुटलेलं अवतरणचिन्हसुद्धा सुटलेलं. चौकात हौतात्म्य. कुठे मुकादम नाही, बाग नाही, आई नाही. मी मागची पुरवणीही उलटून पाहिली, तिथे तरी काही असेल म्हणून. कोरी होती.

तेरा मार्क दिले. आजच्या गठ्ठ्यातले सगळ्यांत जास्त. पेपर आरामात सुटतो.

पण वाचताना अशी शिसारी आली म्हणून सांगू! इतर पोरांचं मी समजू शकतो, ती मुळातच तसली. हिच्याकडून माझी अपेक्षा होती. हिला पुस्तक कळलं होतं. आणि एका फटक्यात, दोन मार्कांसाठी, हिने सगळं टाकून दिलं. मी पाठ कर म्हटलं होतं, मान्य आहे. पण म्हणून इतकं? एखादं वाक्य तरी स्वतःचं ठेवायचं. कोणी हात धरला होता का?

गोरक्ष सरांना पेपर दाखवला. म्हटलं, बघा, ही आजची पिढी, स्वतःचं म्हणून एक अक्षर लिहायची यांची हिंमत नाही. त्यांनी पहिलं वाक्य पाहिलं, शेवटचं पाहिलं, आणि माझ्या सहीखाली सही केली.